भेट आणि वाटणी : ‘उत्पत्ती’तील बंधुकथांचे मराठी वाचन

मराठी मानसात बंधुभावाची दोन रूपे घट्ट रुजलेली आहेत : एक भरतभेटीचे, दुसरे भाऊबंदकीचे. खाडिलकरांच्या १९०९ मधील ‘भाऊबंदकी’ या नाटकातला झगडा चुलत्या-पुतण्यांचा आहे, ही बाब बोलकी आहे. ‘भाऊबंद’ या शब्दात रक्ताच्या नात्याइतकाच वाटणीचा हक्क अंतर्भूत असतो. हिब्रू बायबलच्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील बंधुकथा मात्र या दोन्हींच्या मधल्या प्रदेशात घडतात. त्यांचे वाचन भरतभेटीच्या साच्यात केले, की त्यांचा गाभाच निसटतो.

याकोब आणि एसाव यांच्या भेटीचा प्रसंग (अध्याय ३३) पाहावा. एसाव धावत येतो, भावाला मिठी मारतो, चुंबन घेतो; दोघे रडतात. वाचक येथेच थांबतो आणि भरून पावतो. संहिता थांबत नाही. याकोब आणलेल्या कळपांना आधी ‘मिनखा’ म्हणजे नजराणा म्हणतो. पण अकराव्या वचनात शब्द बदलतो आणि तो एसावाला आपली ‘बेराखा’, आपला आशीर्वाद, घे म्हणतो. सत्ताविसाव्या अध्यायात एसावाने आक्रोश केला होता तो हाच आशीर्वाद भावाने घेतला म्हणून. नाम तेच, ‘घेणे’ हे क्रियापदही तेच. चोरलेली वस्तू तिच्याच नावाने परत केली जाते आहे. कबुलीजबाबाचे एकही वाक्य मात्र नाही. मराठीत ‘भेट’ म्हणजे मीलन आणि नजराणाही. हा श्लेष मिनखाला शोभून दिसतो. बेराखासाठीही तोच शब्द योजला, तर परतफेड पूर्णपणे झाकली जाते. अनुवादकाला येथे गोडवा टाळावाच लागेल.

‘चुंबन घेतले’ या हिब्रू शब्दावर परंपरागत संहितेत प्रत्येक अक्षरावर टिंबे आहेत आणि त्यांवरून हे चुंबन खरे की वरपांगी असा वाद भाष्यकारांत झाला. कथेचा पुढचा भाग या शंकेला बळ देतो. मागाहून सेईरला येतो असे सांगून याकोब सुक्कोथकडे वळतो. दोघे पुन्हा एकत्र दिसतात ते बापाला मूठमाती देताना. मालमत्ता इतकी वाढली की एका भूमीत दोघांचे भागेना, असे छत्तिसावा अध्याय व्यवहारी कोरडेपणाने नोंदवतो. देवरूखच्या वाचकाला हे परके वाटू नये. चुली वेगळ्या झाल्यावरही मूळ घरातल्या गणपतीपुढे एकत्र उभे राहणारे भाऊ कोकणात ठिकठिकाणी आहेत. वाटणी झाली म्हणून नाते तुटले, असे तेथे कोणी मानत नाही.

बेने इस्रायल समाजाने अशी आख्याने मराठी कीर्तनातून सांगितली. मीलनाच्या सुखाकडे ओढ घेणाऱ्या कीर्तनाच्या घाटात या कोरडेपणाचे काय होते, हा प्रश्न अभ्यासकांनी जरूर हाती घ्यावा.

योसेफाच्या कथेत समेटाची किंमत अधिक उघड आहे. भावाला विकण्याची सूचना करणारा यहूदाच चव्वेचाळिसाव्या अध्यायात बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. त्या भाषणानंतरच योसेफाला अश्रू आवरत नाहीत. प्रारंभी भाऊ त्याच्याशी स्नेहाने बोलू शकत नव्हते. आता ते त्याच्याशी बोलले, एवढीच नोंद आहे. काय बोलले, ते नाही. पुढे बाप वारल्यावर त्यांची जुनी भीती जागी होते. आपल्याला क्षमा करावी अशी बापाचीच आज्ञा होती, असा निरोप ते धाडतात. ही आज्ञा याकोबाच्या तोंडी संहितेत कोठेही नाही. सतरा वर्षे मिसरात त्याच्या आश्रयाने राहूनही भावांचा आपल्यावर विश्वास बसलेला नाही, हे योसेफाला त्या निरोपातून कळते. आणि तो पुन्हा रडतो.