फलाच्या पोटात फल

संगणक शिकवणे म्हणजे एखाद्या संगणकभाषेचे व्याकरण पाठ करून घेणे, हा समज अजून पुरता गेलेला नाही. त्याला चांगला छेद देणारे पुस्तक म्हणजे फेलायसन, फिंडलर, फ्लॅट आणि कृष्णमूर्ती यांचे ‘हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ (एमआयटी प्रेस, २००१, दुसरी आवृत्ती २०१८). पहिल्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकरणातले एकच उदाहरण येथे तपासून पाहू.

एका चित्रपटगृहाच्या मालकाला तिकिटाचा दर ठरवायचा आहे. दर ५ डॉलर असताना १२० प्रेक्षक येतात. दर १० सेंटने उतरवला की १५ प्रेक्षक वाढतात. प्रत्येक खेळाचा ठरलेला खर्च १८० डॉलर, शिवाय दर प्रेक्षकामागे ४ सेंट. मग नफा किती?

आपण फळ्यावर बहुधा एकच लांबलचक सूत्र मांडू. पुस्तक मात्र प्रेक्षकसंख्या, उत्पन्न, खर्च आणि नफा यांची चार वेगळी फले लिहायला लावते. नफ्याचे फल उत्पन्न व खर्चाच्या फलांना वापरते. ती दोन्ही प्रेक्षकसंख्येच्या फलाला. दर ३ डॉलर घ्या: प्रेक्षक ४२०, उत्पन्न १२६०, खर्च १९६.८० आणि नफा १०६३.२० डॉलर. एखादा विद्यार्थी विचारील, “सर, प्रेक्षक दोनदा कशाला मोजायचे?” मोजले तरी बिघडत नाही. तोच दर दिला की फल तेच उत्तर देते. फलाधारित प्रोग्रॅमिंगचा पाया हाच.

पुढच्या एका स्वाध्यायात ठरलेला खर्च नाहीसा होतो आणि दर प्रेक्षकामागे दीड डॉलर खर्च येतो. लेखक हा बदल दोन्ही प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये करायला सांगतात. चार फलांच्या प्रोग्रॅममध्ये केवळ खर्चाचे फल बदलावे लागते; एकाच सूत्रात मात्र कोणता आकडा कशाचा, हे शोधत बसावे लागते. संशोधनाच्या सुरुवातीला मी असेच एकसंध प्रोग्रॅम लिहिले आणि सहा महिन्यांनी मलाच ते वाचता येईनात. त्यामुळे हा स्वाध्याय मला पुस्तकातला सर्वात प्रामाणिक वाटतो.

दोन त्रुटी सांगायला हव्यात. बेरीज-वजाबाकीचे चिन्ह संख्यांच्या आधी लिहिण्याची पद्धत आपल्या मुलांना आरंभी अडवते. दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. दर ६ डॉलर घातला, तर प्रेक्षकसंख्या उणे ३० येते! सूत्राची मर्यादा प्रोग्रॅममध्ये कोठेच लिहिलेली नाही. आतले फल निमूटपणे चूक देते, बाहेरची फले ती तितक्याच निमूटपणे पुढे नेतात आणि शेवटी नफ्याचा आकडा खरा असल्यासारखा समोर येतो.

म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर घ्या. पण ६ डॉलरचा प्रश्न शिक्षकाने स्वतः विचारावा. संगणक लागत नाही. चार मुलांना चार फले करा आणि चिठ्ठ्या फिरवा. उणे ३० ची चिठ्ठी हातात आल्यावर एखादी मुलगी “हे कसे शक्य आहे?” म्हणून थांबली, तर धडा पोहोचला असे समजावे.