श्याम पोहायला शिकला, पण बदलला का?

मंडळी, उल्हासनगर असो की बदलापूर, पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, पोरगा फार बुजरा आहे हो, मोठेपणी सुधारेल ना?" आपल्या म्हणींनी निकाल केव्हाच लावून टाकलाय. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, आणि स्वभावाला औषध नाही. 'श्यामची आई' मात्र उलट साक्षीसाठी उभं केलं जातं, संस्कारानं माणूस घडतो म्हणून. ते वाचन मला पटत नाही.

पोहण्याचं प्रकरण आठवा. श्याम भित्रा, माळ्यावर लपतो. आई शिंपटीनं झोडपून त्याला विहिरीवर धाडते आणि नंतर वळांना तेल लावते. पुढं तो आपणहून पोहायला जातो. आपण म्हणतो, बघा, स्वभाव बदलला! अहो, गेली ती पाण्याची भीती. आईला दुखवलं ही टोचणी त्याला विहिरीकडे नेते, आणि तो हळवेपणा पहिल्यापासून तिथंच आहे. माझ्या मते आईनं स्वभाव बदललेला नाही, त्याला कामाला लावलंय.

आणखी एक. हे बालपण सांगतोय कोण? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातला तेहतीस वर्षांचा माणूस. कोणते प्रसंग आठवायचे, हे त्याचं आजचं मन ठरवतं. मुलगा आणि माणूस इतके सारखे दिसतात, त्यात या निवडीचाही वाटा आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांतही हीच गोम आहे. "लहानपणी तुम्ही कसे होता?" याचं उत्तर मोठा माणूस देतो. युंगनं १९२१ मध्ये प्रकार मांडले, पण उतारवयात दबलेली बाजू वर येते हेही त्यानंच सांगितलं. चाचणीवाले ते विसरतात, असो.

पुस्तक आईच्या मृत्यूपाशी थांबतं, तेव्हा श्याम अजून शाळेतच आहे. म्हणजे बदलाचा खरा पुरावा पुस्तकाबाहेर शोधावा लागतो. गुरुजी आमच्या तत्त्वज्ञानाच्याच वाटेनं अमळनेरला गेले, तिथं छात्रालयातल्या मुलांची आई झाले. मे १९४७ मध्ये विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. माळ्यावर लपणारा मुलगा तो हाच का? मी म्हणेन, हाच. दुसऱ्याचं दुःख सोसवत नाही, हे दोघांतही सारखंच आहे. आणि जून १९५० मध्ये त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं, तेव्हाही ते सोसवत नव्हतंच.