शौर्यपत्र आणि घरची हकीकत

शौर्यपत्र हा वाङ्मयाचाच एक प्रकार समजून आम्ही तो तपासतों. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, सारे साथीदार पडल्यावर, एकट्यानें शत्रूचें मशीनगनचें ठाणें जिंकलें व तेथेंच देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या शौर्यपत्रांत हा पराक्रम नेमका उतरला आहे. परंतु तें वृत्त एका दिवसाचें. त्या बावीस वर्षांच्या वीराचें घर त्यांत कोठेंच नाहीं. ही उणीव कुटुंबीयांनींच भरून काढावयाची असते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीसारख्या गांवीं माजी सैनिकांचा सत्कार होईल तेव्हां शालश्रीफळावर न थांबतां, त्यांनीं भोगलेली नोकरी आणि घरच्यांनीं पत्राची पाहिलेली वाट, दोन्ही लिहून ठेवावीं, असें आम्ही सुचवितों.