पूर्वजांचे गाव आणि पूर्वजांचे रण : एका प्रवासबंधाचा तौलनिक विचार

मूळ गावाकडे जाणारा प्रवास हा स्थलांतरितांच्या साहित्यातील एक ठळक रचनाबंध आहे. अशा लेखनात प्रवासी जसजसा गावाजवळ येतो तसतसा तो भूतकाळाजवळ येतो, असे गृहीत धरलेले असते. त्या गावात आज राहणाऱ्या माणसांना मात्र संहितेत कोणते स्थान मिळते, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ (१९६४) मध्ये निवेदक पूर्व उत्तर प्रदेशातील दुबे ब्राह्मणांच्या गावी जातो. तेथून त्याचे आजोबा करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला गेले होते. नाते निर्विवाद आहे, नातलगही समोर उभे आहेत. तरी भेट अधीरतेत संपते. परतताना शहरापर्यंत येऊ इच्छिणाऱ्या मुलाला तो जीपमध्ये घेत नाही. डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांच्या ‘डी आउसगेवान्डर्टन’ (१९९२) मधील अखेरच्या कथेत याच्या उलट घडते. बाड किसिंगेन हे निवेदकाचे गाव नव्हे. त्याच्या ज्यू चित्रकार मित्राच्या आईचे बालपण त्या परिसरात गेले. दफनभूमीच्या म्हणून मिळालेल्या किल्ल्या कुलपाला लागत नाहीत, तेव्हा तो भिंत ओलांडून आत जातो. पहिल्याकडे रक्ताचे नाते आहे, जिव्हाळा नाही. दुसऱ्याकडे जिव्हाळा आहे, नाते नाही.

चंदीगडहून अंबाला, कर्नालमार्गे पानिपतला जाणारा मराठी प्रवासी या दोहोंहून वेगळा ठरतो. तो पूर्वजांच्या जन्मगावी जात नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी ते जेथे पडले त्या रणभूमीवर जातो. बहुतेकांजवळ वंशावळीचा पुरावा नसतो. वारसा भाषेतून आलेला असतो: ‘पानिपत होणे’, ‘विश्वास पानिपतात गेला’ हे प्रयोग घराघरांत रुळले आहेत. बखरींपासून विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) पर्यंतच्या लेखनाने हे स्थळ मराठी मनात वसवले. परिणामी काला आंब येथील स्मारकापाशी पोहोचण्यापूर्वीच प्रवाशाने ते पाहिलेले असते.

धोका नेमका येथेच आहे. कवी अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) यांचे हे जन्मगाव. १९४७ मध्ये येथील असंख्य मुस्लिम कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पश्चिम पंजाबातील निर्वासित येथे स्थिरावले. आजच्या पानिपतची ओळख असलेल्या हातमाग-वस्त्रोद्योगाच्या वाढीत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ‘मूळ गाव’ या शब्दाच्या खऱ्या अर्थाने पानिपत दुसऱ्या कोणाचे तरी आहे, आणि तेथे राहणाऱ्या अनेकांचे मूळ गाव सीमेपलीकडे आहे. स्मारकावरून परतणाऱ्या मराठी प्रवाशाला या दोन्ही विस्थापनांची चाहूलही लागत नाही.

हरियाणातील रोड समाजाविषयीच्या लेखनातही हाच दोष शिरतो. आपण पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, अशी त्या समाजातील अनेकांची धारणा आहे. इतिहासकारांत तिच्याविषयी मतभेद आहेत. तिची कागदोपत्री शहानिशा हे इतिहासाचे काम. समीक्षेने पाहावे ते इतकेच की, त्या माणसांचे स्वतःचे जगणे लिहिले जाते, की त्यांना केवळ आपल्या पराभवाचा जिवंत पुरावा मानले जाते. नायपॉलने त्या मुलाला जीपमध्ये घेतले नाही. माणसाला कौतुकाने पुरावा मानणे हा त्याच नकाराचा सौम्य अवतार होय.

या प्रवासबंधाचे मोल पूर्वज सापडण्यावर अवलंबून नाही. आपल्या मृतांच्या शोधात निघालेला लेखक तेथील जिवंतांचे कितपत ऐकतो, यावर ते ठरते.