‘पडसाद’ : अर्थ, उपयोजन आणि समीक्षेतील मर्यादा

मराठी साहित्यसमीक्षेत ‘पडसाद’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिच्या अर्थाची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ‘सामाजिक वास्तवाचे पडसाद’, ‘चळवळीचे पडसाद’ अशी शीर्षके चर्चासत्रांतून व प्रबंधांतून सर्रास आढळतात. प्रस्तुत टिपणात या शब्दाच्या अर्थाचा आणि उपयोजनाचा विचार केला आहे.

‘पडसाद’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिशब्द’, प्राकृत ‘पडिसद्द’ या मार्गाने मराठीत आला. मराठीत तत्सम ‘प्रतिशब्द’ हा पर्यायी शब्द या अर्थाने स्थिरावला. ध्वनीचा अर्थ तद्भव रूपाकडे राहिला. पुढे त्याचाही लक्षणेने विस्तार झाला. दरीत उमटतो तो पडसाद आवाजाचा असतो. विधिमंडळात उमटतात ते पडसाद प्रतिक्रियेचे असतात. या लाक्षणिक अर्थी शब्द बहुधा अनेकवचनीच येतो.

अर्थविस्तार झाला तरी मूळ कल्पना सुटत नाही. पडसादाला भिंत किंवा कडा लागतो. मूळ आवाजाहून तो वेगळा ऐकू येण्यासाठी सुमारे १७ मीटर अंतर आवश्यक असते. भिंत स्वतः काही बोलत नाही. आलेला आवाज क्षीण करून परत पाठवते. साहित्यकृतीला ‘पडसाद’ म्हणताच ती अशी भिंत ठरते.

‘आंबेडकरी चळवळीचे पडसाद दलित साहित्यात उमटले’ हे विधान या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत ढसाळ होते. येथे मूळ आवाज कोणता आणि पडसाद कोणता? चळवळीची प्रेरणा निर्विवाद आहे. परंतु मराठी कवितेने तोवर दूर ठेवलेली भाषा ‘गोलपिठा’ने आणली, ती कोणत्याही आवाजाची क्षीण आवृत्ती नव्हे.

यासंदर्भात आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ स्मरणीय ठरतो. नवव्या शतकातील या काश्मिरी आचार्याच्या परंपरेत व्यंग्यार्थाच्या एका प्रकारासाठी घंटेच्या अनुरणनाचा दृष्टांत येतो. टोल थांबल्यावरही घंटा निनादत राहते आणि तो नाद तिच्या स्वतःच्या धातूचा असतो. मराठी ‘घुमणे’ या क्रियापदातही हीच छटा आहे. गोव्यातील घुमटावर थाप पडते चामड्यावर. नाद मात्र मातीच्या पोकळीत घडतो. अर्थात, ‘अनुरणन’ ही संज्ञा मुळात शब्द व अर्थ यांच्या संबंधाविषयी आहे. समाज व साहित्य यांच्या संबंधाला ती लावताना हा विस्तार आहे, याचे भान ठेवावे लागेल.

तात्पर्य, ‘पडसाद’ हा शब्द त्याज्य नाही. प्रासंगिक, प्रतिक्रियात्मक लेखनाविषयी तो यथार्थ आहे. मात्र प्रत्येक कृतीला तो सरसकट लावल्यास आघात कोणी केला एवढेच समीक्षा नोंदवते. धातू कोणता होता, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. साहित्याच्या अभ्यासाचा खरा विषय तोच आहे.