तिपिटकाचा संगणकीय शोध आणि विरामचिन्हांचा प्रश्न

संगणकामुळे पालि तिपिटकातील कोणताही शब्द क्षणार्धात शोधता येतो. त्याचबरोबर “अमुक शब्द तिपिटकात नाहीच” असा निर्णयही तितक्याच त्वरेने दिला जातो. या निर्णयाची परीक्षा होणे आवश्यक आहे.

संगणक शोधापूर्वी ग्रंथाची शब्दसूची तयार करतो. शब्द कोठे संपला, हे तो रिकाम्या जागेवरून व विरामचिन्हांवरून ठरवितो. परंतु आजच्या पाठातील स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे ही मुद्रणयुगातील संपादकांची योजना आहे. पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीत ‘भिक्खवो’ आणि ‘ति’ ही पदे स्वतंत्र छापली आहेत. छट्ठ संगायनेच्या (१९५४–५६) पाठात मात्र त्या दोहोंमध्ये केवळ अवतरणचिन्ह असते. ते चिन्ह गाळून टाकणाऱ्या सूचीत ‘भिक्खवोति’ असा एकच शब्द होतो आणि ‘भिक्खवो’ शोधणाऱ्यास ते स्थळ सापडत नाही.

देवनागरीपुढील अडचण याहून गंभीर आहे. एसक्यूलाइट या प्रचलित प्रणालीतील एफटीएस५ हा शोधविभाग, मूळ मांडणीत, युनिकोडमधील अक्षरे व अंक यांनाच शब्दाचे घटक मानतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचा वर्ग निराळा असल्याने ती विरामचिन्हांप्रमाणेच शब्द तोडतात. परिणामी ‘सील’ आणि ‘सेल’ या दोहोंचे ‘स’ व ‘ल’ असे समान तुकडे होतात. शील शोधणाऱ्याच्या हाती खडक येतो! ही मांडणी बदलता येते. परंतु ती बदलली पाहिजे, हे पालि जाणणाऱ्यानेच सांगावयास हवे.

पेय्यालाचा विचारही येथे अपरिहार्य आहे. पुनरुक्त मजकूर वगळून जेथे ‘…पे…’ एवढेच छापले आहे, तेथे अध्याहृत शब्द कोणत्याही यंत्रास दिसणार नाहीत. म्हणून यंत्राने दिलेली शब्दगणना ही त्या विशिष्ट मुद्रित पाठाची गणना होय, बुद्धवचनाची नव्हे.

भाणकांच्या मौखिक परंपरेत तथागतांच्या वचनांचा विपर्यास संभवतो, असा इशारा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात दिला आहे. आज तोच विवेक यंत्राच्या उत्तरालाही लावावा लागेल. शोधाचे फळ शून्य आले, तर शब्दाची संधी सोडवून, चिन्हे काढून पुन्हा शोधावे आणि अखेरीस मूळ सुत्त उघडून वाचावे. त्यानंतरच ‘नाही’ म्हणावे.