‘समण’ आणि ‘शामान’ : एका व्युत्पत्तीची चिकित्सा

सैबेरियातील ‘शामान’ म्हणजे आपला ‘समण’च होय, असे विधान धम्मविषयक लेखनात अधूनमधून वाचावयास मिळते. आपला शब्द हिमप्रदेशापर्यंत पोहोचला, हा अभिमान त्यामागे असतो. तो आम्ही समजू शकतो. परंतु अभिमान हा पुरावा नव्हे.

‘समण’ दूरवर गेला हे निर्विवाद आहे. गांधारी प्राकृतात त्याचे ‘षमण’ झाले, मध्य आशियातील तोखारीत ‘षमाने’, चिनीत ‘शामेन’. चिनी भाषा आपल्या भाषाकुळातील नव्हे; पण तेथे शब्दाबरोबर भिक्खू गेले, ग्रंथ गेले. त्यामुळे त्या शब्दाचा मार्ग दाखविता येतो.

‘शामान’ हा तुंगुस कुळातील एवेंकी भाषेचा शब्द. १७ व्या शतकात अव्वाकुम या रशियन धर्मोपदेशकाच्या आत्मवृत्तात तो आढळतो. १९१७ साली बर्थोल्ड लाऊफर यांनी त्याचे भारतीय मूळ नाकारले. १९२४ साली मिरोनोव्ह व शिरोकोगोरोव्ह यांनी त्याचाच पुरस्कार केला. तुंगुस भाषांतील ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूशीही तो जोडला जातो. वाद मिटलेला नाही, आणि आमचे लेखक मात्र निकाल देऊन मोकळे होतात!

ध्वनिसाम्य किती फसवे असते, याचे उदाहरण खुद्द ‘समण’ शब्दातच आहे. धम्मपदातील धम्मट्ठवग्ग सांगतो की, केवळ मुंडनाने कोणी समण होत नाही. ज्याचे पाप शमले तो समण. येथे ‘शम्’ धातू सुचविला आहे. परंतु संस्कृतात रूप आहे ‘श्रमण’, आणि त्याचा धातू ‘श्रम्’. पालीत दोन्ही धातूंचा आरंभ ‘स’नेच होतो, म्हणून हा श्लेष साधतो. मात्र ‘शमन’ शब्दात ‘न’ आहे. ‘श्रमण’मधील ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ होतो. पालीत तो ‘र’ लोपला, ‘ण’ तेवढा मागे राहिला. धम्मपदातील स्पष्टीकरण आचरणाचे आहे, व्याकरणाचे नव्हे.

आणि तो अर्थ ‘शामान’मध्ये कोठे आहे? तेथे डफ वाजवून, अंगात आणून, आत्म्यांशी संवाद साधला जातो. समणाचा मार्ग स्वतःच्या चित्तशुद्धीचा आहे. उद्या व्युत्पत्ती सिद्ध झाली तरी शब्द गेला, धम्म गेला नाही, एवढेच ठरेल. बुद्धवचन पारखताना बुद्धिसंगततेची कसोटी लावावी, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले. तीच कसोटी येथेही लावून, एवेंकीत हा शब्द कोणत्या भाषेतून, कोणत्या रूपाने आणि केव्हा आला, हे या मताच्या पुरस्कर्त्यांनी आधी दाखवावे.